बिबट्याचे कॅमेरे आणि सुनेचा आवाज

पिंपळवंडीत आमच्या घरी इंटरनेटची वायर आली तेव्हा ती जोडणाऱ्याने तिचा वेग बेल्ह्याच्या बाजारात बैल विकावा तसा सांगितला. मी तेव्हापासूनच सावध होतो.

सून घरातून पुण्याच्या कंपनीचे काम करते. दिवसभर लॅपटॉपवर गिऱ्हाइकांशी बोलायचे. दोन आठवडे तिचा आवाज तुटत होता. तिला सगळ्यांचे नीट ऐकू येई, तिचे मात्र कुणाला कळेना. सोमवारपर्यंत हे सुधारा, नाहीतर पुण्यात येऊन बसा, असे कंपनीने कळवले. म्हणजे ती तिकडे आणि तीन वर्षांची नात इकडे.

मी वायरवाल्याला बोलावले. त्याने मोबाइलवर वेग मोजून पडदा माझ्यापुढे धरला.

"काका, आकडा बघा. लई भारी येतोय."

मी म्हणालो, नुसते दात बघून मी कधी बैल घेतला नाही, औताला जुंपून बघितला. मग सुनेने कंपनीतल्या मैत्रिणीला कॉल लावला. आवाज तुटलाच.

आता तो कामाला लागला. राउटरची माहिती उघडून बराच वेळ बघत बसला. "येणारी वाट मोकळी हाय काका, जाणारी भरलीय. घरातनं कायतरी सारखं बाहेर चाललंय."

आमचे इंटरनेट चोरून वापरतो की काय, असा मला लगेच शेजाऱ्याचा संशय आला. वायरवाला मात्र एकेक वायर काढत गेला. गोठ्याची वायर काढली आणि कॉलवरून मैत्रीण म्हणाली, आता स्वच्छ येतेय.

गोठ्यावरचे चार कॅमेरे माझे. बिबट्याने कालवड नेल्यावर मीच बसवले, चित्र एकदम झकास हवे असे मीच बजावले. ते झकास चित्र अखंड बाहेर कुठेतरी साठायला जात होते. बहुतेक सगळे म्हशीच्या रवंथाचे.

त्याने राउटरमध्ये सुनेच्या कॉलला पहिला मान दिला आणि कॅमेऱ्यांचे चित्र हलके केले. "बोलण्याला उशीर चालत नाय. चित्राला चालतो."

"बाबा," सून म्हणाली, "बिबट्याला जरा दम धरायला सांगा."

सोमवारी मी दाराआड उभा राहून तिचे कॉल ऐकले. "पुन्हा बोला" असे कुणी म्हटले नाही. ती पुण्याला गेली नाही.

मी मात्र वायर घेताना मिळालेली इंटरनेटची जुनी जाहिरात काढून वाचली. तिच्यात येणाऱ्या वाटेचाच वेग होता, मोठ्या अक्षरात. जाणाऱ्या वाटेबद्दल बारीक अक्षरातही काही नव्हते. जाहिरात जपून ठेवली आहे.