उदबत्ती काय म्हणते?

आमच्या आईला खोकला दिवाळीच्या फराळाबरोबर लागायचा आणि होळी पेटली की जायचा. मधले महिने डॉक्टर औषधं बदलत आणि शेवटी म्हणत, जागा बदला. जागा म्हणजे डोंबिवलीतला आमचा फ्लॅट. गॅलरीसमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे रासायनिक कारखान्यांची रांग. यंदा मी हट्टच धरला: फ्लॅट विकायचा आणि दोघांनी नौपाड्यात, माझ्या घराजवळ राहायला यायचं.

बाबा लगेच हो म्हणाले. तिथेच मला शंका यायला हवी होती. ज्या माणसाने नवा पंखा घ्यायला तीन उन्हाळे लावले, तो घर विकायला एका चहात तयार होतो?

त्यांची सगळी नोकरी त्याच रांगेतल्या एका कारखान्यात झाली. इथल्या हवेला कुणी नावं ठेवली की ते फुरंगटून बसत. "याच वासावर तुमची शिक्षणं झाली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे संध्याकाळची उदबत्ती देवाआधी गॅलरीत जायची. धूर बाहेर गेला तर ठीक. घरात वळला तर वारा कारखान्यांकडून आहे, खिडक्या लावायच्या. खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडून विचारत, "तुमची उदबत्ती काय म्हणते?" आणि मग बिल्डिंगभर खिडक्या धडाधड लागत. हिवाळ्यात दुपारी वारा खाडीकडून येतो, तेव्हा हवा मोकळी असते. सकाळी मात्र तो उलटा असतो, आणि कुजक्या कोबीवर फिनेल ओतल्यासारखा वास घरभर होतो. हे वेळापत्रक बाबांना पाठ होतं.

गिऱ्हाइकं येऊ लागली आणि नाकाला रुमाल लावून जाऊ लागली. मी आधी नशिबाला बोल लावला. मग एकदा एजंटचा फोन आला. "ताई, मी दुपारचं ठरवतो, पण काका परस्पर फोन करून सकाळचं करतात. म्हणतात, पार्टीला फ्रेश हवा मिळू दे."

मी जाब विचारला तर बाबा म्हणाले, "दुपारी लोक झोपतात गं. कशाला कुणाची झोपमोड?" चेहरा असा, की दूध प्यायलेल्या मांजराने त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

पुढच्या खेपेला मी आदल्या दिवशीच राहायला गेले. तरी सकाळी बेल वाजलीच. दारात तरुण नवरा-बायको, बायकोच्या कडेवर तान्हं बाळ. "घराला उजेड किती आहे बघा," असं म्हणत बाबांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. वास असा आत आला, की माझ्याच डोळ्यांना पाणी सुटलं.

तो मुलगा भिडस्त होता. नाक न मुरडता त्याने आईला विचारलं, "काकू, हा वास रोज असतो का?"

बाबा निवांत मागे टेकून बसले. आई खोटं बोलत नाही, हे त्यांना लग्नापासून ठाऊक. मी आईला डोळ्यांनी खुणावत होते, गटार तुंबलंय म्हण. तिला इथून निघायचं होतं, माझ्यापेक्षाही जास्त. नौपाड्यात तुळस कुठे ठेवायची हेही तिने मनात ठरवून टाकलं होतं. तिने एकदा त्या बाळाकडे बघितलं.

"रोज नाही. दिवाळी ते होळी," ती म्हणाली. "पण एवढंसं लेकरू घेऊन इथे येऊ नका रे." पुढचं तिला बोलता आलं नाही. खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. ती माणसं हळूच निघून गेली.

बाबा जिंकले होते. पण ते उठले आणि आपणच उघडलेल्या खिडक्या एकेक करून लावू लागले. लावलेल्यासुद्धा परत ओढून बघत होते. मग आईच्या हातात पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "विकलं जाईल तेव्हा जाईल. कुलूप तर लावता येतं ना? तुमच्याकडे भाड्याची जागा बघ एखादी." मी बाबांसाठी तयार ठेवलेले सगळे टोमणे गिळले. मला रडू येत होतं.

नौपाड्यातही हवा काही डोंगरावरची नाही, गाड्यांचा धूर आहेच. पण आई आता रात्रभर झोपते. तिथल्या पहिल्याच संध्याकाळी बाबा उदबत्ती घेऊन गॅलरीत उभे राहिले. धूर सरळ वर गेला. ना आत, ना बाहेर. हे त्यांना अपमानासारखं वाटलं असावं. त्यांनी उदबत्ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली, खिडकीत धरली, शेवटी घरभर फिरवली.

आतून आईचा आवाज आला, "अहो, विझवा ती. तिच्यानेच खोकला येतोय."