टाकीवरचा जावई

बुटीबोरीला आमच्या कंपनीत दुपारच्या चहाला आम्ही पाच-सहा जण रोज एकत्र बसतो. सगळे चाळिशी ओलांडलेले, सगळ्यांच्या घरी लहानपणी एकच चॅनल दिसायचं. मागच्या हिवाळ्यात एकदा जुन्या कार्टूनचा विषय निघाला. कुणी शीर्षकगीत गुणगुणलं, कुणी आवाज काढून दाखवले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, मला ते टाकीवरच्या बदकाचं आणि त्याच्या जावयाचं कार्टून सगळ्यात जास्त आवडायचं.

कुणालाच काही आठवेना. मी समजावून सांगितलं. एक लठ्ठ बदक असतं, नळाचं पाणी सोडणारं. ते पाण्याच्या टाकीवर राहतं. त्याचा जावई म्हणजे एक काटकुळा बोका. तो दिवाळसणाला येतो आणि परत जायचं नावच घेत नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, बदक आणि बोका अंधुक आठवतात खरे, पण जावई? ते कार्टून तर परदेशी होतं, तिकडे जावई कोण दाखवेल? बाकीचे हसले. मीही हसलो, पण मनात थोडं खटकलं. कारण मी ते स्वतः बघितलं होतं, वर्षभर, दर रविवारी.

तेव्हा आम्ही हिंगणा रोडला दोन खोल्यांत राहत होतो. बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. रात्रपाळीच्या आठवड्यात रविवारी सकाळी कंपनीची बस त्यांना नाक्यावर सोडायची. हातात डबा, सदऱ्याला ग्रीसचा वास, डोळे लाल. आई अंथरूण घालूनच ठेवायची. पण नेमकी तीच कार्टूनची वेळ. मी आणि ताई आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर बसलेलो असायचो, गल्लीतली चार-पाच पोरं दारात चपला काढून आत आलेली असायची, आणि बाबा अंथरुणावर जायच्या ऐवजी आमच्या मागे भिंतीला टेकून बसायचे.

अडचण एकच होती. कार्टून युरोपातल्या कुठल्याशा देशातलं होतं. बोलणं त्यांच्या भाषेत, आणि खाली इंग्रजीत ओळी पळायच्या. आम्ही मराठी शाळेतले. मी तिसरीत, ताई पाचवीत. एक शब्द जुळवेपर्यंत ओळ निघून जायची. मग बाबा सांगायचे. ताईने एकदा त्यांना विचारलं की तुम्हाला ही भाषा कशी येते. बाबा म्हणाले, आमच्या खात्यातली मोठी मशीन त्याच देशातून आली आहे, तिच्यावर सगळं ह्याच भाषेत लिहिलेलं आहे, रोज वाचून वाचून समजायला लागलं. आम्हाला ते पटलं. गल्लीतल्या पोरांना तर इतकं पटलं की त्यांनी शाळेत जाऊन सांगितलं.

तर बाबांच्या सांगण्यातून आम्हाला कळलं की तो उंच गोल बुरूज म्हणजे पाण्याची टाकी आहे. चहूकडे एवढं पाणी कशाचं, असं मी विचारलं, तर म्हणाले टाकी लीक आहे. बदक हे पाणीपुरवठ्यातलं सरकारी नोकर. बोका त्याचा जावई. दर भागात एक बोट यायची. ती सासऱ्याने मुद्दाम बोलावलेली असायची, जावयाला त्याच्या गावी धाडायला. आणि जावई दर वेळी काहीतरी निमित्त काढून ती बोट चुकवायचा. बोका खिडकीत बसून लांब पाण्याकडे बघत असला, की बाबा जड आवाजात सासऱ्याला हाक मारायचे, "मामाजी, आज जेवाले काय हाय?" आम्ही लोळून हसायचो. आई आतून ओरडायची की आता तरी झोपा, पण तीही पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहायची.

एरवी बाबा कमी बोलणारे. शाळेचं प्रगतिपुस्तक सुद्धा न बोलता सही करून परत द्यायचे. तेवढी रविवारची वीस मिनिटं ते वेगळेच कुणीतरी असायचे. पुढे एका रविवारी त्या वेळेला दुसराच कार्यक्रम लागला. पुढच्या रविवारीही तोच. आम्ही चार-पाच आठवडे वाट पाहिली आणि मग विसरलो.

चहाच्या त्या गप्पांनंतर मी घरी येऊन ही गोष्ट माझ्या मुलीला सांगितली. ती सहावीत आहे, इंग्रजी शाळेत. तिने माझा फोन घेतला, बदक, मांजर, बुरूज, जुनं कार्टून असे इंग्रजी शब्द टाकले आणि मी पाय धुऊन येईपर्यंत मला हाक मारली. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून सगळे भाग इंटरनेटवर चढवले होते. तेच बदक. फक्त ते पिवळंधमक होतं आणि बोका राखाडी. माझ्या डोक्यात दोघेही पांढरे होते.

आम्ही दोघं पहिला भाग लावून बसलो. मुलगी खालच्या ओळी वाचून मराठीत सांगत होती. दोन मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. ती टाकी नव्हती, दीपगृह होतं. ते पाणी समुद्राचं होतं. बोका वादळात बोट फुटून तिथे येऊन पडला होता आणि बदकाने त्याला वाचवलं होतं. त्याला घरी जायचं होतं. खिडकीत बसून तो जेवणाची चौकशी करत नव्हता. तो म्हणत होता, आज तरी बोट थांबेल का?

"जावई कुठाय?" मुलीने विचारलं.

मला पहिल्यांदा तर कुणी काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. मग बाबांचा तो गंभीर चेहरा आठवला, पळत्या इंग्रजी ओळींवर लावलेली नजर आठवली, आणि मला हसू आवरेना. तीस-पस्तीस वर्षं मी जे कार्टून मनात जपलं होतं, ते टीव्हीवर कधी लागलंच नव्हतं. रात्रभर मशीनशी झटून आलेला माणूस भिंतीला टेकून ते जागच्या जागी रचत होता.

लगेच ताईला अमरावतीला फोन केला. तिने मानायलाच नकार दिला. म्हणाली, इंटरनेटवर काहीही टाकतात, भाषांतर चुकलं असेल.

रविवारी मुलीला घेऊन बाबांकडे गेलो. आता ते पंचाहत्तरीचे आहेत, त्याच घरात राहतात, वर एक मजला चढलाय. मी सरळच विचारलं की तुम्हाला ती भाषा खरंच येत होती का. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला.

"अबे, मले काय समजत होतं त्यातलं? मशीनवर तर फक्त चालू-बंद लिहिलं होतं."

"मग सांगत काहून होते?"

"तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडे पाहून राहिले होते. नाही येत म्हणायची हिंमत नाही झाली. मंग दुसऱ्या रविवारी ते गल्लीतले पोट्टे बी येऊन बसले. मंग तर अडकलोच ना."

आई आतून म्हणाली की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जावयाची ती निमित्तं सगळी बाबांच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची होती. ते एकदा पारशिवनीहून आठ दिवसांसाठी आले आणि अख्खा उन्हाळा राहिले, अगदी आमच्या कूलरसमोर. बाबा कधी त्यांना एक शब्द बोलले नव्हते. हे ऐकून मी उडालोच. पारशिवनीचे ते आत्याचे यजमान मला चांगले आठवतात. आमच्यासोबत बसून तेही ते कार्टून बघायचे आणि जावयाला सगळ्यात जास्त हसायचे.

मुलीने फोन टीव्हीला जोडला आणि विचारलं, "आबा, खरी गोष्ट ऐकता का?"

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. ती ओळ वाचायची, मराठीत सांगायची, आणि बाबा मान हलवायचे. मध्येच थांबवून विचारायचे, हे बदकच म्हणालं ना? दुसऱ्या भागात एक बोट जवळ येते आणि बदक हळूच वर जाऊन दिवा विझवून टाकतं. बोट अंधारात निघून जाते. बोक्याला पत्ताच लागत नाही. मुलगी वाचायची थांबली, कारण तिथे कुणी काही बोलतच नाही.

बाबा म्हणाले, "त्या बदकाले एकटं राहाचं नव्हतं वं. अन् आपण त्याले उगाच बदनाम केलं."

आईने दोनदा जेवायला हाक मारली होती. बाबा म्हणाले, "थांब जरा, अजून एक पाहून घेऊ दे."

तेव्हापासून आमचे रविवार ठरून गेले. एकदा मुलीची परीक्षा होती म्हणून आम्ही जाणार नव्हतो, तर शनिवारीच बाबांचा फोन आला. मी म्हटलं, लिंक पाठवतो, तुम्हीच बघा. ते म्हणाले, "लिंक काय करू गा मी? वाचून कोण दाखवन मले?"

मग उन्हाळ्यात ताई आली. आल्या आल्या तिने फर्मान काढलं की आवाज बंद करायचा, खालच्या ओळींवर उशीचा अभ्रा टाकायचा, आणि बाबांनी आधीसारखं सांगायचं. बाबा भिंतीला टेकून बसले. घसा खाकरला. "मामाजी," म्हणाले, आणि अडले. पुन्हा प्रयत्न केला. बोका खिडकीशी गेला, तेव्हा तर ते हसायलाच लागले. आता तो काय बोलतो ते मला माहीत आहे, म्हणाले, दुसरं काही सुचतच नाही.

ताई रुसली. आम्ही सगळे तिची समजूत काढत होतो आणि टीव्हीवर बोका तसाच पाण्याकडे बघत बसला होता. शेवटी माझ्या मुलीने अभ्रा काढला. ताई थोडा वेळ तोंड फिरवून बसली, मग ओळी वाचायला लागली, आणि मग तिनेच सांगितलं की हे मधूनच काय दाखवता, पहिल्या भागापासून लावा.