दुसरी चावी

पडद्यावर बँक लुटली जायला लागली की काका खुर्चीत पुढे सरकायचे, चष्मा नाकावर नीट बसवायचे आणि दर वेळी तोच प्रश्न विचारायचे, "दुसरी चावी कुठे आहे?"

तुम्हीही असले सिनेमे पाहिले असतील. अमेरिकेतल्या त्या मोठ्या मंदीच्या काळातले दरोडेखोर, तिरकी टोपी, लांब कोट, बाहेर उभी असलेली काळी मोटार. एकजण उडी मारून काउंटरवर चढतो, कॅशियर हात वर करतो, थरथरत तिजोरी उघडतो, आणि पुढच्या मिनिटाला मोटार मक्याच्या शेतांमधून धूळ उडवत निघालेली असते. आपण सगळे त्या मोटारीबरोबर जातो. काका मात्र मागे बँकेतच राहायचे. "एकट्या माणसानं स्ट्राँगरूम उघडली? एक चावी मॅनेजरकडे, एक हेडकॅशियरकडे. हे लोक काहीही दाखवून राहिले!"

काका कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये मुलाकडे राहायचे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत हेडकॅशियर होते. काकू गेल्यावर मुलानं त्यांना इकडे आणलं. मुलगा आणि सून दिवसभर ऑफिसात. मी शुक्रवारी घरून काम करायचे. एकदा त्यांचा टीव्ही लावून द्यायला खाली गेले आणि तिथेच रुळले. लॅपटॉप मांडीवर, मीटिंग म्यूटवर, हातात काकांनी केलेला भरपूर आल्याचा चहा. एकदा मी म्यूट करायला विसरले आणि नेमकी मशीनगन सुरू झाली. आमच्या मॅनेजरनं फार काळजीनं विचारलं, "आर यू सेफ?" काका आठवडाभर हसत होते.

त्या खोलीतल्या दुपारी मला अजून आठवतात. पडदे ओढलेले, भिंतीवर पांढरा-काळा उजेड हलतोय, लांबून रेल्वेची शिटी येतेय. ती बाहेरची की सिनेमातली, हेसुद्धा कळायचं नाही. काका मध्येच डुलकी घ्यायचे आणि जागे होऊन विचारायचे, "मेला का तो?" मेला नसला की खूश व्हायचे, कारण मरण पाहायचं हुकलं नसे. "काय सुंदर मरतो पाहा," असं ते अगदी कौतुकानं म्हणायचे. मला ते फार आवडायचे, हे आत्ताच सांगून टाकते.

हळूहळू त्यांनी लायब्ररीतून खऱ्या दरोडेखोरांवरची पुस्तकं आणायला सुरुवात केली. एक बोट ओळीवर ठेवून सावकाश वाचायचे आणि शुक्रवारी मला हिशेब द्यायचे. सिनेमात नायक गरिबांचे कर्जाचे कागद जाळतो, त्याचा पुस्तकात कुठे धड पुरावा नाही. लोकांची घरं बँकांनी घेतली होती, म्हणून लोकांना हे बँक लुटणारे आपले वाटले, हे मात्र खरं. "आणि हे ऐक," ते म्हणाले, "बँकेतली माणसं मोटारीच्या पायरीवर उभी करून न्यायचे. पोलिसांच्या गोळ्या त्यांना लागाव्यात म्हणून. परवाच्या सिनेमात तीच माणसं हसत होती. सहलीला निघाल्यासारखी."

मी म्हटलं, "काका, सिनेमा आहे तो. थोडं सजवणारच ना."

"हो," ते म्हणाले. "सजवतातच लोक."

मग लायब्ररीनं महिनाभर रविवारी दुपारी याच सिनेमांचा कार्यक्रम ठरवला. सिनेमा, कॉफी, गप्पा. काकांच्या मुलानं तिथल्या बाईंना मोठ्या अभिमानानं सांगितलं की, माझ्या बाबांनी खऱ्या दरोडेखोरांपासून बँक वाचवली आहे. बाई हरखल्याच. शेवटच्या रविवारी काकांनी बोलावं असं ठरलं. मला हे सगळं नवीन होतं. इतके शुक्रवार गेले, काकांनी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"वाचवली म्हणतात," मी विचारल्यावर ते एवढंच म्हणाले. "मी मराठीत बोलेन. तू इंग्रजीत सांग."

त्या रविवारी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. पन्नासेक माणसं होती, बहुतेक म्हातारी, बहुतेक गोरी. मुलगा आणि सून दुसऱ्या रांगेत होते. मुलानं फोन उभा धरून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं.

काकांनी सावकाश सांगितलं. जेवणाची वेळ होती. मॅनेजर घरी जेवायला गेले होते. तिघं आत शिरले, कोवळी पोरं, एकाच्या हातात गावठी कट्टा. कोणी काउंटरवर उडीबिडी मारली नाही. एकाची चप्पल दाराशी अडकली, ती घालायला तो थांबला. पोरं म्हणाली, स्ट्राँगरूम उघड. मी म्हटलं, दोन चाव्या लागतात, माझ्याकडे एकच आहे. त्यांनी आमच्या वॉचमनच्या छातीला कट्टा लावला आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. मला वाटलं, घाबरवतायत. त्यांनी गोळी झाडली आणि पळाले. वॉचमन जागीच गेला. बँकेनं मला शाल दिली, नारळ दिला, प्रमोशन दिलं.

मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगत होते. मग काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅनेजर रोज जेवायला जाताना त्यांची चावी माझ्याकडे ठेवून जायचे. नियमात नव्हतं, पण सगळीकडे चालायचं. त्या दिवशी दोन्ही चाव्या माझ्याकडे होत्या."

मी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. मुलाचा हात खाली आला होता. आणि मी, काय सुचलं कोण जाणे, इंग्रजीत सांगितलं की त्यांच्याकडे एकच चावी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकांनी माइक माझ्या हातातून काढून घेतला. जन्मभर बँकेची पत्रं इंग्रजीत लिहिलेला माणूस, त्याला माझी गरज कधी नव्हतीच. "करेक्शन प्लीज," ते म्हणाले. "बोथ कीज वेअर इन माय पॉकेट."

टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी त्यांना पाण्याची बाटली उघडून दिली. मुलगा उठून बाहेर गेला. मला माझीच लाज वाटली. काका सिनेमावाल्यांना नावं ठेवायचे ते ऐकत इतके शुक्रवार घालवले आणि वेळ आली तेव्हा मीही तेच केलं.

आम्ही पार्किंगमध्ये आलो तर मुलगा गाडीत बसून होता. त्यानं बराच वेळ गाडी सुरू केली नाही. मग समोर बघत विचारलं, "बाबा, वॉचमनच्या बायकोला माहीत आहे?"

"नाही," काका म्हणाले. "इथं सांगणं सोपं होतं. इथं त्याला कोण ओळखतं?"

"मग जाऊ आपण. मी पण येतो."

एवढं बोलून त्यानं गाडी सुरू केली, आणि काका रडायला लागले. मी मागच्या सीटवर होते. मीही रडले.

दोन आठवड्यांत दोघं भारतात गेले. मुलगा परत आला, काका गावीच राहिले. म्हणाले, थंडी संपली की येतो. त्याच हिवाळ्यात झोपेत गेले. शुक्रवारी मी आता वरच काम करते.

त्याआधी गावाहून त्यांचा एकदाच फोन आला होता. सकाळची वेळ, मी कंपनीच्या शटल बसची वाट पाहत रस्त्यावर उभी होते. मी विचारलं, "काका, भेटलात त्यांना? काय म्हणाल्या?"

"सगळं ऐकून घेतलं तिनं. शिवी नाही, काही नाही. उठून चहा ठेवला. मग विचारलं, साहेब, त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला होता का? एवढी वर्षं तिला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. तो रागानं जेवला नसेल, असं तिला वाटत होतं."

"मग?"

"डबा तसाच होता गं, खुंटीवर. मीच पोलिसांना दाखवला होता."

शटल आली होती. माझ्या मागची माणसं मला ओलांडून चढत होती.

"मी सांगितलं, खाल्ला," काका म्हणाले. "सगळा खाल्ला, आणि भाजी छान झाली म्हणाला."