जवळचं दिसतंय ना?

डोळे तपासायच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. माणसाने मशीनवर हनुवटी टेकवली की तो बोलायला लागतो. मी नंबर काढता काढता ऐकत बसतो.

आमच्या मॅडमनी काही वर्षांपूर्वी जव्हार-मोखाड्यातल्या थोड्या लोकांचा मोतीबिंदू काढून एक वेगळं भिंग बसवलं. साध्या भिंगाने लांबचं छान दिसतं, जवळच्याला चष्मा लागतो. हे भिंग डोळ्यात जरासं पुढेमागे सरकतं, म्हणून जवळचंही दिसतं. पण ते सरकणं किती वर्षं टिकतं? तेच बघायला आम्ही दरवर्षी भातकापणी उरकली की तिकडे जातो. मॅडमचा सगळा जीव त्या भिंगांत. एखाद्याचं जवळचं कमी झालं की त्या दिवशी धड जेवतही नाहीत.

*

जव्हारचे कापडवाले शेठ. यंदा त्यांनी जवळच्या कार्डावरची सगळ्यात बारीक ओळ धडाधड वाचली. मॅडम खूश! मला मात्र शंका आली. मी हळूच कार्ड बदललं. शेठनी पुन्हा तीच ओळ वाचली.

"शेठ, पाठ केलंत?"

"काय करणार?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "गेल्या वर्षी मला वाचता आलं नाही, तर मॅडमचं तोंड एवढंसं झालं होतं."

*

वांगणीचे काळूबाबा जीपमधून उतरले ते एका डोळ्यावर फडकं बांधूनच. मॅडम घाबरल्या, लागलं की काय?

"नाय. तुम्हीच बोललात ना, भिंग सरकतं. आन आमचा रस्ता तर तुम्हाला ठाऊक. जीपमध्ये बसलो का बांधतो."

"अहो बाबा, ते पडत नाही. इतक्या वर्षांत कधी पडलं का?"

"पडंल कसं? बांधतो ना."

तपासलं तर भिंग जागच्या जागी, नजरही उत्तम. मॅडमनी फडकं परत त्यांच्या हातात दिलं.

*

मोखाड्याच्या एका काकूंची तक्रार उलटीच. "मॅडम, जरा कमी दिसेल असं करता येईल का?"

तांदळातला खडा त्यांना दिसायला लागला, तेव्हापासून सगळं निवडणं सुनेने त्यांच्यावर सोपवलं होतं. म्हणे, आई, तुमच्यासारखं कोणाला दिसत नाही! मॅडमनी लगेच सोबत आलेल्या सुनेचेही डोळे तपासले. ठणठणीत निघाले. काकूंना तेवढंच हवं होतं.

*

सूर्यमाळच्या लाडकीआजी. पाड्यावर कोणाच्या पायात काटा मोडला की आजींकडेच जायचं. मोतीबिंदूने ते बंद पडलं होतं, नव्या भिंगाने परत सुरू झालं.

यंदा आजींच्या आधी त्यांचे यजमान धवळूबाबा एकटेच आत आले. खाली बघत म्हणाले, "मॅडम, तिचं भिंग गेलं. जवळचं काय दिसत नाय तिला."

"कशावरून?"

"मी रोज सांजच्याला पाय पुढं करतो. बोलतो, काटा रुतला. काटा नसतोच. तरी ती सुई घेऊन काढत बसते. निघाला, बोलते." बाबांचे डोळे भरून आले. "तिला सांगू नका. काटं काढायचं सुटलं तर ती खचंल."

मॅडमचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं. बाबांना बाहेर बसवलं आणि आजींना आत घेतलं. जवळचं तपासायला सुईदोरा दिला. आजींनी पहिल्याच खेपेला दोरा ओवला. मी त्याहून बारीक सुई दिली. तीही ओवली.

मॅडमना राहवेना. "आजी, बाबांच्या पायात काटा नसतो, ते दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतंय की."

"मग रोज काढता काय?"

आजींनी दाराकडे बघितलं आणि आवाज बारीक केला.

"मी काटा नाय बोलले, तर पाय मागं घेईल ना तो."