शार्कचं यंत्र शोकेसमध्ये

आमच्या बार्शीटाकळीत गिरणीवाल्या सुभद्राबाईंना लोक भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत. दळणाचा डबा ठेवायला कुणी पट्ट्याच्या बाजूने वाकलं की त्या खेकसतात, "काहून रे, हात जड झाला काय तुले?" फिरत्या पट्ट्यावर लोखंडी जाळी बसवल्याशिवाय त्या बटण दाबत नाहीत, मग बाहेर कितीही रांग लागो. घाई असणाऱ्याने दुसरी गिरणी बघावी.

याचं कारण त्यांच्या घरातच आहे. त्यांचे यजमान केशवराव पूर्वी गिरणी चालवायचे. जाळी तेव्हाही होती, पण पट्टा बदलताना आडवी येते म्हणून त्यांनी ती काढून खिळ्याला टांगली. उद्या बसवू, परवा बसवू करत ती तिथेच राहिली. एका सकाळी सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली आणि उजवा हात कोपरापासून गेला. जाळी समोरच्या भिंतीवर नवी कोरी होती. त्यानंतर गिरणी सुभद्राबाईंनी हातात घेतली आणि तिच्यावरच मनोजला, एकुलत्या एक मुलाला, शिकवलं.

मला संताप येतो तो आपल्या सगळ्यांच्या या खोडीचा. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोफ्यावर चादर, चादरीवर आणखी एक चादर. हेल्मेट गाडीच्या आरशाला आणि डोकं उघडं. वस्तूला ओरखडा नको, माणसाचं काय व्हायचं ते होवो!

मनोज विहिरीत पोहायला शिकला, पुढे मुंबईला जाऊन पाणबुड्याचं शिक्षण घेतलं आणि परदेशात मत्स्यशेतीवर कामाला लागला. भर समुद्रात मोठाल्या जाळ्यांचे पिंजरे करून त्यांत मासे वाढवतात. पाण्याखाली उतरून फाटलेलं जाळं शिवायचं, हे त्याचं काम. एवढे मासे एका जागी म्हटल्यावर शार्क यायचेच. म्हणून मालकाने प्रत्येक पाणबुड्याला घोट्याला बांधायचं एक यंत्र दिलं. ते पाण्यात विजेचे बारीक झटके सोडतं. शार्कच्या नाकाला ते सोसत नाहीत आणि बहुतेक वेळा तो तोंड फिरवून जातो. बहुतेक वेळाच, पण तेवढा तरी आधार.

मनोज सुट्टीला आला तो आईला दाखवायला हे यंत्र घेऊन आला. मग काय! गावातला प्रत्येक माईक आपलाच समजणाऱ्या वामनरावांनी सत्कार ठरवला. शाल झाली, श्रीफळ झालं. "शार्कले पळवनारा आपला पोरगा!" असं भाषण झालं. यंत्र टेबलावर मांडून लोकांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढले. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही ते शार्कवर बोलत होते. केशवरावांचे डोळे भरून आले. "राहू दे इथंच," ते मुलाला म्हणाले, "लोक येतात पाहाले." बापाचं मन मोडवेना म्हणून मनोजने यंत्र ठेवलं. आईला सांगितलं, "तिथं दुसरं भेटते." यंत्र शोकेसमध्ये गेलं, वरून कुलूप.

नंतर एकदा मनोजने बोटीवरून व्हिडिओ कॉल लावला. तो पाण्यात उतरायच्या तयारीत होता. सुभद्राबाईंना शेजारच्या पाणबुड्याच्या घोट्यावर ते यंत्र दिसलं. मनोजचा घोटा मोकळा होता.

"तुह्या पायात काहून नाई?"

मनोज चाचरला. "दुसरं मांगितलं, माय. साहेब म्हनते, पह्यलं कुठी हाय ते सांग. मी सोबत्याच्या जवळच राहतो ना."

"आन् तो मासा?"

"काल आला होता एक. दुरून गेला."

सुभद्राबाईंनी अर्ध्या दळणावर गिरणी बंद केली. "ते पायात येईस्तोवर पान्यात उतरायचं नाई. मालकाले सांग, माय नाई म्हनते." आणि तशाच पिठाच्या हातांनी घरी गेल्या.

"चाबी द्या."

"अवं, वामनराव पुढच्या आठवड्यात पाहुने घेऊन येनार हायेत," केशवराव म्हणाले. "एवढी गावाची—"

"तुमची जाळीबी अशीच होती भिंतीवर!" बाई कडाडल्या. "हात गेला तवा चमकून राहिली होती. आता पोराचा पाय जाऊ द्याचा काय?"

केशवरावांनी डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. यंत्रावरचं पातळ प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. ते बाईंनी तिथेच ओरबाडून फेकलं.

अकोल्याच्या ओळखीच्या नसीमबानोचा मुलगा शाकीब मनोजची बोट सुटते त्याच बंदरावर नोकरीला होता आणि सुट्टी संपवून परत निघाला होता. त्याच्याकडे यंत्र द्यायला बाई बसस्टँडवर आल्या. तिथे वामनरावांनी गाठलंच. "बाई, गावाची शान होती ते."

"मंग तुमी उतरा समुद्रात," बाई म्हणाल्या, "अन् माह्या पोराले ठेवा शोकेसमधी!"

स्टँडवरचे लोक हसले. मला हसू आलं नाही. ज्या माणसाने त्या पोराच्या खांद्यावर शाल घातली, त्याला त्याच्या पायाची काळजी का वाटू नये?

मनोज तोवर बोटीवरच दोऱ्या ओढत राहिला. शाकीब पोचला, मनोजने यंत्र घोट्याला बांधून आईला दाखवलं आणि मगच पाण्यात उतरला.

वामनराव पाहुण्यांना घेऊन आलेच. शोकेसमधली मोकळी जागा बघून पाहुण्यांनी विचारलं, "यंत्र कुठी हाय?"

केशवराव आपल्या हाताविषयी कधी कुणाशी बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी उजवी रिकामी बाही डाव्या हाताने धरून पाहुण्यांसमोर उचलली.

"पोराच्या पायात हाय," ते म्हणाले. "तिथंच राहीन ते."