शेवटची घडी

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कोणी भुताखेताचा विषय काढला की मी त्याची यथेच्छ टिंगल करायचो. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय... तरी लिहितो, कारण मनात ठेवून झोप लागत नाही.

आमचं घर डहाणूहून चिखल्याला जाणाऱ्या रस्त्यावर, मागे चिकूची झाडं. मला नाद एकच — एकोणिसाव्या शतकातली, युद्धकाळातली अस्सल वर्तमानपत्रं जमवायची. सत्तावन्नचा उठाव, क्रिमिया, अफगाणिस्तान... झेरॉक्स नाही, त्या वेळी छापलेला खरा कागद. माझी बायको सुनंदा म्हणायची, "लोक पोराबाळांसाठी जमवतात, हे वाळवीसाठी." पण निम्मं काम तीच करायची.

जुना अंक वर्षानुवर्षं घडीत राहिला की उघडताना तुटतो. म्हणून आधी दमट कपड्यात ठेवून तो मऊ करायचा, मग एकेक घडी सावकाश उलगडायची आणि टीपकागदांत घालून काचेखाली ठेवायचा. पुढे आठवडाभर रोज टीपकागद बदलायचे, नाहीतर आमच्या या खाऱ्या हवेत बुरशी ठरलेली. घड्या मी उलगडायच्या, टीपकागद तिने बदलायचे, अशी आमची वाटणी. वापरलेल्या टीपकागदाचा कोपरा ती दुमडून ठेवायची, चुकून तोच परत जाऊ नये म्हणून. आणि एक नियम — घडी उलगडायला घेतली की मध्ये सोडायची नाही. ओला कागद लगेच फाटतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये तलासरीला एका भंगारवाल्याकडे पत्र्याची ट्रंक दिसली. तिच्या तळाशी अफगाण युद्धाच्या काळातला एक इंग्रजी अंक घडी करून अंथरलेला! मला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहाच्या खोलीत कामाला बसलो. शेवटची घडी उरली होती, तेवढ्यात सुनंदाने स्वयंपाकघरातून हाक मारली.

"अहो, जरा इकडे या. छातीत कसंतरी होतंय."

"दोन मिनिटं. शेवटची घडी आहे."

"बरं, होऊ दे तुमचं," ती म्हणाली. रागाने नाही, नेहमीसारखीच.

पातेलं पडल्याचा आवाज आला तेव्हा धावलो. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. "थोडं आधी आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले.

स्मशानातून आल्यावर मी त्या खोलीत डोकावलोही नाही, दार ओढून कुलूप घातलं. किल्ली माझ्याच पाकिटात. दिवसकार्य झाल्यावर मुलगी केतकी मला पुण्याला घेऊन गेली. सगळा पावसाळा घर बंद होतं.

ऑक्टोबरात दोघं परत आलो. टेबलावर तो ओला अंक तसाच पडलेला, चार महिने कुजून त्याचा काळा लगदा झाला असणार, हे मी धरूनच चाललो होतो. तो उचलून जाळायचा आणि नाद कायमचा सोडायचा, असं ठरवून कुलूप काढलं. दिवसाढवळ्या, सकाळी अकराच्या सुमाराला.

अंक काचेखाली होता. पूर्ण उलगडलेला, सपाट, कोरडा. शेवटच्या घडीला चीरसुद्धा नाही. बाजूला टीपकागदांचा गठ्ठा — प्रत्येकाचा कोपरा दुमडलेला.

केतकीने एक टीपकागद उचलून त्याचा दुमडलेला कोपरा पाहिला. मग माझा हात धरून म्हणाली, "बाबा, तुम्हीच केलं असेल. तेव्हा भान कुठे होतं तुम्हाला?"

मीही तेच म्हणालो असतो. पण अंक तसाच टाकून मी धावलो हे मला लख्ख आठवतंय. परत त्या खोलीत पाऊल टाकलं नाही, खिडकीला आतून कडी होती आणि दुसरी किल्ली नाहीच. आठवडाभर रोज टीपकागद बदलले कोणी? 

एक-दोघा संग्राहक मित्रांना सांगितलं. म्हणाले, नशीबवान आहेस, इतका दुर्मीळ अंक वाचला. मी त्यांना काय सांगणार? ज्या घडीपायी मी तिला थांबवलं, ती घडी तिनेच उलगडून ठेवली असेल, तर मला तो अंक बघवत नाही. बुरशीने काळा पडलेला सापडला असता, तर निदान दोघांचंही नुकसान झालं असतं — तिचा जीव गेला, माझा अंक.