आमच्या ऑफिसातले सगळेच बॉस

ज्या ऑफिसात दिवसभर लोक रागावूनच फोन करतात, तिथे किस्से आपोआप साठतात. मुद्दाम कोणी जपत नाही, पण जेवायला बसलं की एखादा निघतोच. मी ठाण्यात वर्तकनगरला लिफ्ट दुरुस्तीच्या एका छोट्या कंपनीत कम्प्लेंटचे फोन घेते. आमच्याकडचे निम्मे किस्से एकाच शब्दाचे आहेत. बॉस.

सुरुवात परुळेकर साहेबांनी केली. वडिलांनी कंपनी हातात दिली त्या दिवशी त्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की 'साहेब' फार जुनाट वाटतं, तुम्ही मला बॉस म्हणा, जरा मोकळं वातावरण राहील. आम्हाला काय, म्हटलं. पण आमचा मेकॅनिक मिलिंद गायकवाड आधीपासून सगळ्या जगालाच बॉस म्हणत आलेला. वॉचमनला, रिक्षावाल्याला, राँग नंबर लागला तर त्यालासुद्धा. दुपारी चहावाला आला आणि मिलिंद म्हणाला, "बॉस, आज जरा कडक दे." साहेब दारातच उभे होते.

संध्याकाळी त्यांनी मला हळूच विचारलं, "म्हणजे मी आणि तो चहावाला एकच का?"

मी म्हटलं, "नाही सर, तो सीनियर आहे."

नवरात्रात साहेब टेंभी नाक्यावर गाडी घेऊन गेले. त्या दिवसांत तिथे देवीच्या गर्दीत गाडी न्यायची नसते हे ठाण्यात लहान पोरालाही कळतं, पण बॉसला सांगणार कोण? मंडळाच्या एका कार्यकर्त्याने काचेवर टकटक केली आणि म्हणाला, "ओ बॉस, रिव्हर्स मारा." साहेब ऑफिसात येऊन म्हणाले, की बघा, बाहेरची माणसंही मला ओळखतात. ते थट्टा करत होते की खरंच खूश होते, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

आमचे अकाउंट्सचे आपटे काका डोंबिवलीहून येतात. बोलतात छापील, आणि कुठलाही शब्द मुळापासून खणून काढल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. एकदा डबा उघडता उघडता त्यांनी सांगितलं, की बॉस हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच, डच लोकांचा आहे. तिकडे त्याचा अर्थ मालक. पुढे तो अमेरिकेत गेला. तिथे गुलामांना 'मास्टर' म्हणावं लागायचं, म्हणून पगारावर काम करणाऱ्यांना तो शब्द नकोसा वाटायचा. त्यांनी डचांचा शब्द उचलला. अर्थ तोच, पण परका असल्यामुळे टोचत नव्हता.

तेवढ्यात साहेब पाणी घ्यायला आले. काकांचं लक्ष नव्हतं. ते पुढे म्हणाले, "याच स्पेलिंगचा आणखी एक जुना शब्द आहे. त्याचा अर्थ, ढालीच्या मधोमध असलेला फुगवटा."

साहेबांनी पोटावरचा शर्ट खाली ओढला आणि पाणी न घेताच केबिनमध्ये गेले. आम्ही सगळे आपापल्या भाजीकडे बघत बसलो.

साहेब गेल्यावर सगळे हसले, एकटा मिलिंद हसला नाही. का ते त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याच्या आजोबांना गावी लांब उभं राहून 'मालक' म्हणावं लागायचं. त्याचे वडील ठाण्याला आले, कारखान्यात लागले, पण तो शब्द त्यांनी पुन्हा तोंडात घेतला नाही. सुपरवायझरलाही नावाने हाक मारायचे, त्यावरून दोनदा घरी बसले. आदल्या रात्री मिलिंदने त्यांना काकांची गोष्ट सांगितली. वडील म्हणाले, "म्हणजे तिकडच्यांनी शब्द बदलला, माणूस तोच ठेवला."

मी विचारलं, "मग आता तू बॉस म्हणणं सोडणार का?"

"कशाला? सगळ्यांना म्हटलं, की कोणालाच म्हटलं नाही," मिलिंद म्हणाला.

आता शीळफाट्याचा किस्सा. तिथल्या एका सोसायटीची लिफ्ट सारखी अडकायची. मिलिंदने नवा पार्ट मागितलेला, साहेबांनी ती खरेदी पुढे ढकललेली. सोसायटी कॉन्ट्रॅक्ट मोडायला निघाली, तेव्हा साहेब स्वतः समजूत काढायला गेले. आणि चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकले. सोबत एक आजी होत्या, जवळच्याच गावातल्या, लेकीकडे कोलीम, ती जवळ्यासारखी बारीक मासळी, घेऊन आलेल्या.

साहेबांनी मला फोन लावला. आवाज ओळखू येत नव्हता. "मी परुळेकर बोलतोय. मिलिंदला पाठव. पार्ट घेऊनच पाठव." मी म्हटलं, फोन ठेवू नका, तो निघालाय. मग मला आजींचा आवाज आला. त्या त्यांना खाली बसायला सांगत होत्या, श्वास हळू घे म्हणत होत्या. त्या बंद डब्यात, कोलमाच्या वासात, साहेब त्यांना लहानपणी कपाटात कोंडले गेल्याचं सांगत होते. मी ऐकत राहिले. ऐकू नये असं वाटत होतं, पण फोन कट करायची हिंमत झाली नाही.

पुढचं मिलिंदने सांगितलं. तो पोचला तेव्हा बाहेर अर्धी सोसायटी जमलेली. सेक्रेटरी ओरडत होते, की त्या कंपनीच्या मालकाला धरून आणा. साहेबांना तिथे चेहऱ्याने कोणीच ओळखत नव्हतं, आणि आपण येतोय हे त्यांनी कळवलंही नव्हतं. आत ते एकदम गप्प झाले. मिलिंदने दार उघडलं, हात पुढे केला आणि म्हणाला, "या बॉस, सावकाश पाय टाका."

कोणी वळूनही बघितलं नाही.

सेक्रेटरींनी मिलिंदलाच धरलं. "तुमच्या मालकाला सांगा, एकदा स्वतः या लिफ्टमध्ये बसून बघा म्हणावं."

मिलिंद म्हणाला, सांगतो.

आजी कोलमाची पिशवी सावरत बाहेर आल्या. म्हणाल्या, "सांगायची गरज नाय. त्याला सगला समजलाय."